गाडीचा पिवळा दिवा आणि गटाचे पैसे



आपल्या काही बचत गटांनी माल नेण्यासाठी जुनी गाडी घेतली आहे. कोकम, मसाले, कुळथाचं पीठ घेऊन कुडाळ-कणकवलीला जायचं तर दर वेळी टेम्पोचं भाडं परवडत नाही. पण जुनी गाडी म्हटली की तिची दुखणीही आली. त्यातल्या एका दुखण्याबद्दल आज बोलू या.

पावसाळा संपता संपता आमच्या गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी चढावर ओढेना, उभी असताना रेस आपोआप वर-खाली व्हायची. आमच्यातली एक काकी म्हणाली, "दिवो पेटलो तरी गाडी चलता मा? मगे रवांदे!" पण ते बरोबर नव्हतं. एका गॅरेजात स्कॅनर लावला, कोड आला पी ०१२२. "थ्रॉटल सेन्सर गेला, नवा घाला," असं सांगितलं. साडेचार हजारांचा ठराव आम्ही लिहायलाच घेतला होता.

आधी हा कोड म्हणजे काय ते समजून घेऊ. गाडीत एक छोटा संगणक असतो. ठिकठिकाणचे सेन्सर त्याला खबर देतात. खबर चुकीची वाटली की तो दिवा लावतो आणि कोड नोंदवून ठेवतो. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ मोटारींना ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली. तिचं सोळा पिनांचं सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली असतं. त्याआधीच्या काही गाड्यांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड वाचतात.

थ्रॉटल सेन्सर संगणकाला सांगतो की हवेची झडप किती उघडली आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याला तीन वायरी असतात. एकीतून ५ व्होल्ट येतात, एक अर्थची, आणि तिसरी खबर नेते. झडप बंद असताना तिसऱ्या वायरीवर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की चार-साडेचार व्होल्ट मिळतात. पी ०१२२ म्हणजे खबर फारच कमी व्होल्टची येते. पी ०१२३ म्हणजे फारच जास्त. पण खबर कमी का येते, हे कोड सांगत नाही. सेन्सर बिघडला असेल, वायर तुटली असेल किंवा जोड गंजला असेल.

आमचं तेच झालं होतं. दुसऱ्या मेकॅनिकने सेन्सरचा जोड उघडला, तर आत हिरवा गंज! आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि पावसाळी दमट, तांब्याच्या भांड्याचं होतं तेच पिनांचं होतं. त्याने जोड साफ केला, कोड पुसला, आणि दिवा परत लागला नाही.

पिना साफ असूनही दोष राहिला, तर किल्ली चालू आणि इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने तपासतात. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबताना आकडा सरळ चढत जायला हवा. मध्येच उडी मारली किंवा खाली पडला तर सेन्सर आतून झिजला असं समजावं. तो बदलावाच लागतो. काही गाड्यांत सेन्सरच्या स्क्रूची भोकं लांबट असतात. तिथे स्क्रू थोडे सैल करून, सेन्सर किंचित फिरवून, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर बसवतात. भोकं गोल असतील तर तो फिरवायचा नसतो. झडपेचा थांबा-स्क्रू मात्र कुणाला छेडू देऊ नका, तो कारखान्यात बसवलेला असतो.

दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत न्या. दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवा, नाहीतर धुराच्या नळीतला महाग भाग जळू शकतो.

गॅरेजात पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. कोड कोणता आला? जोड आणि वायर तपासली का? मीटरवर किती व्होल्ट आले? उत्तरं गटाच्या वहीत बिलाशेजारी लिहा. कोड पुसण्याआधी तो लिहून घ्या, आणि भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या. त्यासाठी मेकॅनिक व्हावं लागत नाही. आपण महिन्याला हिशोब विचारतो, तसाच हा गाडीचा हिशोब.