भिंतीपलीकडचं फील्ड

सांताक्रूझ पूर्वेला, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मानवशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग नाही. नातेसंबंध, विधी, जात-जमात यांचा अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी रानडे भवनातल्या समाजशास्त्र विभागात दाखल होतो. पुण्यात किंवा कोलकात्यात त्याला या शास्त्राच्या नावाचा विभाग मिळाला असता. तरीही कलिन्यात त्याचं काही बिघडत नाही, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत ही दोन्ही शास्त्रं एकाच घरात वाढली आहेत.

हा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले गेडिस शहर पायी हिंडून समजून घेणारे होते. १९२४ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये विभागप्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत त्यांनी इथे संशोधकांच्या पिढ्या घडवल्या. मालवणचे घुर्ये संस्कृतात मुरलेले. केंब्रिजला ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकायला गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स वारले, तेव्हा ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पुरा केला. घुर्ये स्वतः ग्रंथांत रमणारे, पण विद्यार्थ्यांना त्यांनी गावोगाव पाठवलं. एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला जाण्याआधी कूर्गवरचं काम घुर्ये यांच्याच हाताखाली करत होते.

रिव्हर्स यांनी रुळवलेली वंशावळीची पद्धत आजही विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर रेघा. कागदावर हे पोरखेळासारखं दिसतं. पण एखाद्या मराठा कुटुंबात बसून तीन पिढ्या काढायला घ्या. मामाची मुलगी सून म्हणून आलेली दिसते, आतेबहीण मात्र बायको म्हणून येत नाही. ‘असं का?’ विचारलं की घरातली मोठी माणसं ‘तसं चालत नाही’ एवढंच म्हणतात. त्या तीन शब्दांपाशी खरं संशोधन सुरू होतं. इरावती कर्वे यांनी हा नियम देशभरच्या नातेव्यवस्थांशी ताडून पाहिला आणि १९५३ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

इरावतीबाईही याच विभागाच्या. १९२८ मध्ये घुर्ये यांच्याकडे त्यांनी चित्पावनांवर, म्हणजे आपल्याच माणसांवर, एम.ए.चा प्रबंध लिहिला. मग बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास केला. वंशावरून कवटीची ठेवण बदलते, या फिशर यांच्या समजुतीला त्या मोजमापांतून आधार मिळाला नाही, आणि बाईंनी तसं लिहिलं. परक्या देशात, ज्यांच्या हातात आपली पदवी आहे त्यांच्याचसमोर! पदव्युत्तर विद्यार्थ्याला पद्धतीच्या तासाला हा प्रसंग सर्वांत आधी सांगायला हवा.

आज अडचण वेगळी आहे. एम.ए.ची चार सेमिस्टर परीक्षा, क्रेडिट आणि हजेरीत निघून जातात. फील्डवर्क म्हणून वाट्याला येतात सुट्टीतले काही दिवस आणि एक प्रश्नावली. प्रश्नावलीने वय, शिक्षण, उत्पन्न कळतं. सवयी आणि भीती कळायला वर्षभराचे सण, लग्नं, मयतं पाहावी लागतात. हा वेळ मिळत नसेल, तर फील्ड जवळचं निवडणं शहाणपणाचं.

जवळचं म्हणजे किती? संकुल ज्या जमिनीवर उभं आहे ते जुनं कोले-कल्याण. भिंतीबाहेर कोलीव्हरीचं गावठाण, तिथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं. कामासाठी मुंबईत आलेल्या गोवेकर ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून. एल्सी बॅप्टिस्टा यांचं १९६७ चं पुस्तक अजूनही या अभ्यासाची पहिली पायरी आहे. मुंबईच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस दिसतात. त्यांतले पुष्कळ १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळातले.

लग्नातलं उंबराचं पाणी घ्या. वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आणि त्याने नवरानवरीला न्हाऊ घालायचं. हा विधी चर्चच्या विधीबाहेरचा, मराठी बोलणाऱ्या घरांतला. पाहणाऱ्याने टिपायचं ते असं : घडा कोण उचलतं, पुढे कोण चालतं, मान कुणाचा? विहीर बुजली असेल तर पाणी कुठून आणतात, आणि ते चालतं असं कोण ठरवतं? तिसऱ्या-चौथ्या लग्नात हे प्रश्न आपोआप सुचू लागतात, पहिल्या लग्नात फक्त बँड ऐकू येतो.

झोपडपट्टीचंही तसंच. ए. आर. देसाई आणि देवदास पिल्लई यांनी १९७२ मध्ये मुंबई विद्यापीठातर्फे एका झोपडपट्टीचं सविस्तर चित्र प्रसिद्ध केलं. विमानतळालगतच्या आणि वाकोल्याच्या वस्त्यांत तसं काम पुन्हा करण्यासारखं आहे. सांताक्रूझ स्टेशनच्या पश्चिमेला, जुहू रोडवरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संकुलात नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये उभारलेलं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आहे. घरातलं न मोजलं जाणारं काम कसं नोंदवावं हे तिथून शिकता येतं. दोन्ही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बसलेला विद्यार्थी मला जास्त भरवशाचा वाटतो.

राहिला भाषेचा प्रश्न. मुलाखत गावठाणातल्या मराठीत होते आणि प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहिला जातो, त्यामुळे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या हाती काही लागत नाही. सादर करण्याआधी नातेसंबंधांचं प्रकरण तरी त्या घरांत मराठीतून वाचून दाखवावं. कुणाची चुलती कुणाची मामी करून टाकली असेल, तर तिथली म्हातारी ते दुसऱ्या वाक्याला पकडेल, आणि गाईडपेक्षा तिची दुरुस्ती बिनचूक असेल.