भाकरी आणि व्यासंग



गेल्या ज्येष्ठांत, मृगाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्यावर, एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. मराठी विषय घेऊन ती एम्. ए. झाली आहे. तिच्या पिशवींत दोन कागद होते. पहिला, एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविण्याच्या नेमणुकीचा. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, आणि सुट्टीचे महिने कोरडे. दुसरा तिनें स्वतः लिहिलेला संशोधनाचा आराखडा. मथळा, 'कोंकणांतील लोककलांचा समग्र इतिहास'. शिवाय ती कथा लिहिते, हें वडिलांनीं किंचित् तक्रारीच्या सुरांत सांगितलें. "गुरुजी, हिला एकदां काय तें सांगा," ते म्हणाले, "पोटाकडे पाहायचें, कीं या वह्यांकडे?"

मीं त्यांना चहा दिला आणि उत्तर पुढच्या आठवड्यावर टाकलें. आजचें भाषण म्हणजे तेंच उत्तर, थोड्या विस्तारानें.

प्रश्न त्या मुलीचा एकटीचा नाहीं. प्राध्यापकाच्या जागेसाठीं नेट किंवा सेट ही परीक्षा द्यावी लागते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरही कायम जागेची वाट पाहण्यांत कित्येकांचीं वर्षें जातात. लेखकाला तर नेमणूकच नसते. अशा वेळीं घरांतलीं वडील माणसें म्हणतात, आधीं नोकरी. मुलें म्हणतात, आधीं वह्या. माझ्या मतें यांतला 'आधीं' हा शब्दच घातक आहे. जें मागाहून करूं म्हणून बाजूला ठेवलें, तें बहुधा बाजूलाच राहतें. आणि पोटाची तरतूद न करतां जें आरंभिलें, तें पहिल्याच आजारपणांत बंद पडतें. दोन्ही एकाच दिवसांत बसवावीं लागतात. हें कसें साधतें, याचीं दोन उदाहरणें आपल्याच जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांतलें दुसरें सुखाचें नाहीं.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालीं चिपळुणाजवळच्या पेढे परशुराम येथला. शाळेचें शिक्षण दापोलीस झालें. त्यांचें नांव निघालें कीं आपण एकदम १९६३ सालच्या 'भारतरत्ना'कडे जातों. मला मात्र १९०४ सालचे काणे अधिक जवळचे वाटतात. त्या वर्षीं, एम्. ए.ची पदवी हातीं असतां, ते आपल्या या गांवच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक म्हणून आले, आणि सुमारें तीन वर्षें त्यांनीं येथल्या मुलांना शिकविलें. पुढें मुंबईस बदली झाली. १९११ पासून त्यांनीं हायकोर्टांत वकिली केली. म्हणजे ज्या ग्रंथासाठीं जग त्यांना ओळखतें, तो 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणें हा त्यांच्या चरितार्थाचा उद्योग नव्हता. भाकरी शाळेनें दिली, मग कोर्टानें दिली. ग्रंथ त्या भाकरीच्या शेजारीं बसून लिहिला गेला.

थोडा हिशेब करून पाहूं. पहिला खंड १९३० सालीं निघाला, तेव्हां ग्रंथकर्त्याचें वय पन्नास. अखेरचा भाग १९६२ सालीं, तेव्हां ब्याऐंशी. पृष्ठें सुमारें साडेसहा हजार. बत्तीस वर्षांनीं भागल्यास दिवसाला अर्ध्या पानाहून थोडें अधिक पडतें. मधल्या काळांत वकिली, मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद, आणि शरीराचीं दुखणीं, हें सर्व होतेंच. अर्धें पान ऐकून कोणास हसूं येईल. पण त्या पानाच्या तळाशीं संस्कृत अवतरणांच्या टिपा किती दाटीनें बसल्या आहेत, तें एकदां ग्रंथ उघडून पाहावें. एका टिपेसाठीं कित्येक पोथ्या चाळाव्या लागतात. अर्धें पान लिहिणें अवघड नाहीं. तें दुसऱ्या दिवशीं पुन्हा लिहिणें अवघड आहे.

याहूनही उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. काण्यांनीं एवढा ग्रंथ लिहावयाचा म्हणून आरंभ केला नव्हता. त्यांनीं नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूख' या एका ग्रंथाचें संपादन हातीं घेतलें. तें १९२६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडका इतिहास जोडावा, असा बेत होता. प्रस्तावना वाढली, आणि वाढतां वाढतां पांच खंडांची झाली. असेंच पूर्वीं एकदां झालें होतें. १९१० सालीं त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं 'साहित्यदर्पणा'चें संपादन केलें. त्याच्या प्रस्तावनेंतून पुढें संस्कृत साहित्यशास्त्राचा इतिहास उभा राहिला. मोठीं कामें पुष्कळदां अशीं मागल्या दारानें येतात. पुढल्या दारावर 'समग्र इतिहास' अशी पाटी लावली, कीं आंत शिरण्याचाच धीर होत नाहीं.

म्हणून दुसऱ्या भेटींत मीं त्या मुलीच्या आराखड्यांतील 'समग्र' हा शब्द पेन्सिलीनें खोडला. 'कोंकणांतील' हाही खोडला. "तुझ्या गांवांत जाखडी नाचतात का?" मीं विचारलें. नाचतात, म्हणाली, गणपतींत शक्ती आणि तुरा या दोन्ही पक्षांचे सामने होतात, आणि वाडींतल्या एका वृद्ध शाहिराकडे गाण्यांच्या जुन्या वह्या आहेत. "मग हाच तुझा विषय," मी म्हणालों. "एक वाडी, एक मंडळ, एका शाहिराच्या वह्या." तिचा चेहरा पडला. तिला तें फार लहान वाटलें. तरुणपणीं लहान काम अपमानासारखें वाटतें, हें मला ठाऊक आहे. पण त्या वह्या आज आहेत. शाहिराच्या मागें त्यांचें काय होईल, याची हमी कोण देणार?

येथें कामाच्या रीतीविषयीं चार शब्द सांगतों, कारण शिक्षणांत याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. गाणें उतरून घ्यावयाचें तें गाणाऱ्याच्या परवानगीनें, आणि ज्या उच्चारांत तो गातो त्याच उच्चारांत. तें शुद्ध करून घेण्याचा मोह धरूं नये. प्रत्येक टिपणावर गांव, तारीख, गाणाऱ्याचें नांव, आणि गाणें कोणत्या प्रसंगीं म्हणतात तें लिहावें. मोबाईलवर ध्वनिमुद्रण जरूर करावें. मात्र त्याच रात्रीं तें कागदावर उतरवावें, कारण न कळलेला शब्द दुसऱ्या दिवशीं विचारतां येतो, दोन वर्षांनीं येत नाहीं. पुस्तकांतून उतारा घेतल्यास पृष्ठांक तत्काळ टिपावा. आणि प्रत ठेवावी. पंचविशींत असतांना मीं एका नियतकालिकाकडे साठ पानांचा निबंध पाठविला, तो हस्तलिखित, आणि घरीं प्रत न ठेवतां. तो त्यांच्याकडे गहाळ झाला. वर्षभर मी त्यांना दोष देत होतों. प्रत ठेवण्याचा आळस माझा होता, हें कबूल करण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. तो निबंध मीं पुन्हा लिहिला नाहीं.

आजकाल यंत्रास प्रश्न विचारतांच चार पानें तयार मिळतात. मीं तीं पाहिलीं आहेत. भाषा नीटनेटकी असते. परंतु त्या शाहिराच्या वहींत काय आहे, हें वाडीवर जाऊन बसल्यावांचून कोणत्याही यंत्रास कळणार नाहीं. विषय निवडतांना ही एक कसोटी लावून पाहावी.

आतां दुसरें उदाहरण. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंड गांवीं १८६६ सालीं कृष्णाजी केशव दामले जन्मले, ज्यांना आपण केशवसुत म्हणतों. मॅट्रिकची परीक्षा पदरीं पडली, तेव्हां त्यांचें वय तेविसाच्या आसपास होतें. पुढें मुंबईंत तात्पुरत्या नोकऱ्या, मग खानदेशांत शिक्षकी, शेवटीं धारवाडास. १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला. आठ दिवसांत पत्नीही गेली. वय अवघें एकोणचाळीस. हयातींत कवितांचें एकही पुस्तक निघालें नाहीं. मराठींत सुनीत आणणाऱ्या आणि कवितेचें वळणच बदलणाऱ्या या माणसाच्या हातून झालेल्या कविता सव्वाशेंच्या थोड्या वर. त्यांपैकीं अनेक जळगांवच्या 'काव्यरत्नावलीं'त आणि हरि नारायण आपट्यांच्या 'करमणुकीं'त, अशा नियतकालिकांच्या पानांतून आल्या होत्या. कवीच्या मृत्यूला दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आपट्यांनींच त्यांचा संग्रह वाचकांपुढें ठेवला.

हें उदाहरण मीं त्या मुलीच्या वडिलांसमोर मुद्दाम सांगितलें. काण्यांच्या कथेचा शेवट गोड आहे, आणि गोड शेवटाच्या कथा सांगून मुलांना या वाटेला लावणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें. दोघेही आपल्या जिल्ह्याचे, दोघांनींही शाळेंत मुलांना शिकविलें. एकास नव्वदीपलीकडचें आयुष्य लाभलें, दुसऱ्यास त्याच्या निम्म्याहूनही कमी. मान मिळेल कीं नाहीं, आणि मिळाला तरी तो पाहावयास आपण असूं कीं नाहीं, याचा भरंवसा कोणीच देऊं शकत नाहीं. "मग कशासाठीं करायचें?" वडिलांनीं विचारलें, आणि तें रागानें विचारलें नव्हतें. मी म्हणालों, ज्याला रोजचें काम करण्यांतच गोडी आहे, त्यानें करावें. ज्याला केवळ छापलेलें नांव पाहावयाचें आहे, त्यानें दुसरा मार्ग धरावा, त्यांत कमीपणा नाहीं. पण केशवसुतांच्या बाबतींत एक गोष्ट ध्यानांत घ्या. कविता पेटींत राहिल्या असत्या, तर त्या जमविणें कोणास साधलें असतें? होईल तसें लहानसहान मासिकांतून छापीत जावें. आणि आपला मजकूर मनापासून वाचणारा एक तरी जाणता माणूस जोडावा, जो चांगलें कोणतें तें सांगेल आणि वाईट कोणतें तेंही.

राहिला मुंबईस जाण्याचा प्रश्न. संदर्भासाठीं जावें लागेल, त्याला इलाज नाहीं. पण आतां रेल्वे आहे, पावसाळ्यांत आगबोटी बंद होत तो काळ गेला. आणि १८२८ सालीं स्थापन झालेलें आपलें नगर वाचनालय येथेंच आहे. त्या मुलीनें तें आंतून पाहिलें नव्हतें. सभासद होण्यास मीं तिला त्याच दिवशीं धाडलें. कथांविषयीं मीं कांहींच बोललों नाहीं. त्या ती कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नव्हती आणि थांबविणारही नव्हती.

तिनें तासिकांची नेमणूक स्वीकारली. आठवड्यांतले चार दिवस महाविद्यालय, रविवार वाडीवर. गणपती झाल्यावर ती एक जाड वही घेऊन आली. अकरा गाणीं उतरलीं आहेत. सातव्या गाण्यांत दोन शब्द तिला लागत नाहींत, आणि मलाही लागले नाहींत. शाहिरांना डोळ्यांनीं नीट दिसत नाहीं, पण वाचून दाखविल्यास ते सांगतील, असें ती म्हणाली. येत्या रविवारीं सकाळच्या एस्. टी.नें ती पुन्हा जाणार आहे. या खेपेस वडीलही बरोबर जाणार आहेत.