जुनी मोटार आणि लोहचुंबक

तुमच्या काकांनी जुनी मोटार घ्यायची ठरविली आहे, असे समजा. साठवलेले दोन-तीन लाख रुपये मोजायचे आहेत. विकणारा म्हणतो, "साधा ओरखडाही नाही, साहेब!" रंगही आरशासारखा चकाकतो. मग गाडीला पूर्वी अपघात झाला होता काय, हे ओळखायचे कसे? एक छोटा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून बरोबर न्या. (प्रयोगशाळेतला नेणार असाल तर सरांना विचारून!)

मोटारीचे दरवाजे बहुधा पोलादी पत्र्याचे असतात. कारखान्यातील रंगाचे सर्व थर मिळून जाडी साधारण ०.१ मिलिमीटर भरते. एवढ्या फटीतून चुंबक पत्र्याला सहज चिकटतो. पत्रा चेपला, की कारागीर तो ठोकून जमेल तेवढा सरळ करतो, उरलेले खड्डे लांबीने म्हणजे पुट्टीने भरतो आणि घासून वर रंग फवारतो. पुट्टी अचुंबकीय असते. तिचा थर दोन-तीन मिलिमीटर झाला, की चुंबक व पत्रा यांतील अंतर कित्येक पटींनी वाढते. आणि छोट्या चुंबकाचे आकर्षण अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. तेथे चुंबक घसरून पडतो.

पण घाई नको. बंपर प्लॅस्टिकचे असतात, काही गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची असतात. तेथे चुंबक नव्या गाडीलाही चिकटणार नाही. म्हणून डाव्या दरवाजाची तुलना उजव्याशी करा. शिवाय पत्रा बदलून नवा बसविला असेल तर चुंबक काहीच सांगणार नाही. अशा वेळी दारे, बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते पाहा. खालचा सांगाडा वाकला आहे का, हे मात्र जाणकार मेकॅनिकनेच पाहावे.

पुरात बुडालेली गाडी याहून फसवी. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाने सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद केली आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून लख्ख करता येते. तेव्हा सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा. केशाकर्षणाने धाग्यांत शिरलेले गढूळ पाणी वाळले, की गुंडाळलेल्या टोकाशी मातकट डाग उरतो. जुन्या गाडीत पट्टा अगदी कोरा दिसला, तरी "का बदलला?" असे विचाराच. वायरींच्या जोडांवर हिरवट थर दिसला तर तांबे गंजले आहे. तेथे विद्युतरोध वाढतो, जोड तापतो. आणि धडकेच्या क्षणी एअरबॅगपर्यंत संदेश पोचेलच, याचा भरवसा राहत नाही.