ग्लँडर्स आणि घोडेवाल्याची भीती

घोड्याच्या नाकातून चिकट, पिवळसर-हिरवा स्राव वाहतो, पायांवर गाठींची माळ उठते, गाठी फुटतात आणि जखमा भरत नाहीत. ही ग्लँडर्सची लक्षणं. हा जिवाणूजन्य रोग दूषित चारा-पाण्यातून पसरतो. एकाच हौदावर दहा जनावरं पाणी पीत असतील, तर त्यांतलं एक रोगी असलं तरी पुरे. गाढव-खेचरांना तो बहुधा झपाट्याने गाठतो, घोड्यात मात्र महिनोन्‌महिने दबून राहतो. वरून धडधाकट दिसणारा घोडा वरातीत नाचतो, बाजारात विकला जातो आणि सोबत रोगही नेतो. यावर लस नाही. माणसालाही हा रोग होतो आणि उपचार न मिळाल्यास बहुतेकदा जीवावर बेततो. भारतात तो जवळपास विसरला गेला होता; 2006 साली त्याने पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा महाराष्ट्रातच तो आढळला.

कायदा आपल्याकडे जुना आहे. ग्लँडर्ससाठी 1899 सालीच स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक कायद्याने त्याची जागा घेतली. रक्ततपासणीची सोयही आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्यासाठी एलायझा चाचणी विकसित केली. तपासणीत रोग निश्चित झाला की जनावराला मारावं लागतं. माझ्या मते सारी अडचण इथेच आहे. वीटभट्टीवरचं खेचर किंवा वरातीचा घोडा हीच ज्या घराची कमाई, त्या घराने नाकातल्या स्रावाची खबर स्वतःहून द्यावी, अशी अपेक्षा आपण करतो. भरपाईची तरतूद आहे, पण ती हातात कधी पडेल याची खात्री नसेल, तर माणूस नाक पुसून घोडा दुसऱ्या गावी विकेल. म्हणून भरपाई म्हणजे उपकार नव्हे, ती रोगनियंत्रणाचाच भाग आहे.

काही प्राणिप्रेमी विचारतील, मारण्याऐवजी औषध का देत नाही? प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण प्रतिजैविकांनी लक्षणं दबली तरी जिवाणू अंगात उरू शकतो आणि बरा दिसणारा घोडा रोग वाहतच राहतो. ब्रिटनने हा रोग हद्दपार केला तो तपासून रोगी जनावरं काढून टाकूनच. दुसरा आक्षेप संख्येचा. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, 2019 मध्ये जेमतेम साडेतीन लाख उरले. मग एवढा खटाटोप कशाला? उलट, संख्या कमी आहे म्हणूनच प्रत्येक जनावर तपासणं आवाक्यातलं आहे. शिवाय उरलेल्यांपैकी अनेक घोडे सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी एकत्र येतात किंवा माथेरानमध्ये रोज पर्यटकांना पाठीवर घेतात.

घोड्याचं सुख आणि रोगप्रतिबंध या दोन वेगळ्या गोष्टी मानणं मला पटत नाही. गर्दीचा, ओला तबेला, अर्धपोटी काम आणि न मिळणारी विश्रांती यांनी जनावर खचतं, आणि खचलेल्या जनावरात रोग लवकर उफाळतो. प्रत्येक घोड्याला वेगळी बादली, नव्या घोड्याला काही आठवडे निराळं बांधणं आणि विकत घेण्याआधी रक्ततपासणी, यांचा खर्च घोड्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. घोडेवाल्यांनो, नाकातला स्राव किंवा पायावरची गाठ दिसली, तर उघड्या हाताने पुसू नका. घोडा बाजूला बांधा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि सरकारने भरपाईसाठी घोडेवाल्याला खेटे घालायला लावू नये.