वजन उतरलं, तोल सावरायचाय

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेला चार-सहा महिने झालेत, वीस-पंचवीस किलो उतरलेत, तरी जुईनगर स्टेशनचा जिना उतरताना हात कठड्यावरून सुटत नाही. घरचे म्हणतात, 'आता हलका झालास की, घाबरतोस कशाला?' पण या भीतीला बऱ्याचदा शरीरातच कारण असतं. आधी ते शोधायचं, व्यायाम नंतर.

पोट सुटलेलं असताना भार पुढे येतो. मग माणूस पाठ मागे टाकून, पाय फाकवून, छोटी पावलं टाकत चालतो. वजन काही महिन्यांत जातं, ही सवय मात्र रेंगाळते. त्यात चरबीबरोबर मांडीचे स्नायूही झडतात. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येत नसेल, तर ताकद कमी पडतेय. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात ती यासाठीच. नुसत्या वरणाच्या पाण्यावर ती भरत नाहीत.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? रक्तदाबाची गोळी जुन्याच मात्रेत चालू असेल, किंवा पाणी कमी पडत असेल. गोड खाल्ल्यावर तासा-दोन तासांनी घाम फुटून थरथरायला झालं, तर साखर उतरलेली असू शकते. गोळ्यांत फेरफार डॉक्टरांनीच करायचा.

पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासून घ्यावं. शस्त्रक्रियेनंतर ते नीट शोषलं जात नाही. उलट्या थांबत नसतील तर बी-१ झपाट्याने घसरतं, तिथे वाट पाहू नये.

एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूने हाडाला लगटून एक नस जाते. तिच्यावरची चरबी गेली, की पायावर पाय टाकून किंवा मांडी घालून फार वेळ बसल्याने ती दबते. मग पाऊल पुढून उचललं जात नाही, अंगठा फरशीला अडतो, स्लीपर निसटते. लोक नवी स्लीपर घेतात! जायला हवं न्यूरॉलॉजिस्टकडे.

कारण सापडलं तरी भीती लगेच जात नाही. संशोधक मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ती मोजायची प्रश्नावली केली: आंघोळ, कपाटातून वस्तू काढणं अशी दहा साधी कामं न पडता करण्याची खात्री किती? खात्री नसली की माणूस अंग आखडून, पायांकडे बघत चालतो, बाहेर पडायचं टाळतो आणि स्नायू आणखी झडतात. म्हणून पायऱ्या ठरवाव्यात. आधी घरातला पॅसेज, मग चिंचोली तलावाजवळ सकाळचा फेरा. सोबतच्याने दंड न धरता नुसतं बाजूने चालावं. स्टेशनचा जिना दुपारी, गर्दी नसताना. उतरताना कमजोर पाय आधी खाली.

आणि गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांनी गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर ब्रुफेन आणू नये. अल्सरचा धोका असतो.