फायबर, दाखला, सातबारा

• भारतनेट : ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्राची योजना. मंजुरी २०११. उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. घरोघरची जोडणी हा पुढचा, वेगळा टप्पा.

• महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ : अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा हक्क. उत्पन्न, जात, रहिवासाच्या दाखल्यांसाठी अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात. पोच जरूर जपावी. अर्ज क्रमांक आणि मुदत तिच्यावरच असते. उशीर झाला किंवा सबळ कारणाविना नकार मिळाला, तर खात्यात दोन अपिले, तिसरे या कायद्याखालच्या आयोगाकडे. कसूरदार अधिकाऱ्याला दंड ५०० ते ५,००० रुपये.

• सातबारा : ‘महाभूलेख’ संकेतस्थळावरचा उतारा मोफत, पण फक्त माहितीपुरता. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा (मे २०१८ पासून) सशुल्क. तो सरकारी कामाला चालतो, तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही.