हौशी सीएनसी राउटरसाठी पेंडंटची निवड

सीएनसी राउटरला वायरने किंवा बिनतारी जोडलेल्या, हातात मावणाऱ्या नियंत्रकाला पेंडंट म्हणतात. त्यावरची बटणे, काडी किंवा फिरती चकती वापरून यंत्राचे अक्ष हाताने सरकवता येतात, शून्य ठरवता येते, चालू काम थांबवता येते. यंत्र त्याच्यावाचूनही चालते, कारण हीच कामे संगणकाच्या कळफलकावरून होतात. त्यामुळे हौशी राउटरबरोबर पेंडंट सहसा येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. घ्यायचा की नाही आणि कोणता, याचे उत्तर पेंडंटच्या रूपापेक्षा दोन गोष्टींवर ठरते: शून्य ठरवण्याची पद्धत आणि यंत्रातला कंट्रोलर.

कोणत्याही कोरीव कामात यंत्राला आधी सांगावे लागते की जॉबचा कोपरा कुठे आहे आणि त्याचा पृष्ठभाग किती उंचीवर आहे. सागवानी फळीवर ९० अंशांच्या व्ही-बिटने नावाची पाटी कोरायची असेल, तर अक्षराच्या रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट होते. झेडचे शून्य अर्धा मिलिमीटर चुकले की प्रत्येक रेघ १ मिलिमीटरने जाड किंवा बारीक होते आणि पाटी वाया जाते. शून्य घेण्याची जुनी आणि आजही चालणारी रीत कागदाची आहे. साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. तो बिटखाली सरकवत राहायचा आणि तो अडकू लागेपर्यंत बिट थोडे थोडे खाली आणायचे. या वेळी डोळे बिटच्या टोकावर असावे लागतात आणि एक हात कागदावर. लॅपटॉप चार फूट लांब टेबलावर असेल, तर दर टिचकीला मान वळवावी लागते, आणि नेमक्या त्या क्षणी बिट लाकडात रुतते. पेंडंटचा खरा उपयोग इथे आहे. पुढचे सगळे उपयोग याच्यानंतरचे.

पुणे-पिंपरीच्या शॉपमध्ये व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारे उभ्या स्पिंडलचे यंत्र, चालवलेल्या माणसाला ज्या पेंडंटची सवय असते, त्याला तिथे एमपीजी किंवा नुसते हँडव्हील म्हणतात. त्याच्या चकतीवर शंभर रेघा असतात आणि प्रत्येक रेघेला बोटाला जाणवेल असा खटका बसतो. आतला एन्कोडर दर खटक्याला दोन तारांवर एकमेकींपासून जरा मागेपुढे असलेले स्पंद पाठवतो. कोणते आधी आले यावरून चकती कुठल्या दिशेला फिरली ते कळते. एका खटक्याला किती सरकायचे ते दुसऱ्या बटणाने ठरते: एक्स-१ म्हणजे ०.००१, एक्स-१० म्हणजे ०.०१ आणि एक्स-१०० म्हणजे ०.१ मिलिमीटर. तिसऱ्या बटणाने अक्ष निवडायचा.

ही मापे व्हीएमसीसाठी ठरली आहेत. हौशी राउटरवर ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत, आणि जाहिरातीतला ०.००१ चा आकडा पाहून फसगत होते ती इथेच. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर दर पावलाचे आठ भाग करत असेल तर १,६०० होतात. वीस दातांच्या जीटी-२ पुलीवरचा पट्टा एका फेऱ्यात ४० मिलिमीटर सरकतो, म्हणजे सर्वांत लहान पाऊल ०.०२५ मिलिमीटर पडते. अशा यंत्रावर एक्स-१ लावून चकती फिरवली, तर पंचवीस खटक्यांनी एक पाऊल पडेल. पाच मिलिमीटर लीडचा बॉलस्क्रू असेल तर पाऊल ०.००३ च्या आसपास येते, पण लाकूड, एमडीएफ किंवा ॲक्रिलिकच्या कामात तेवढी बारकाई लागतच नाही. राउटरवर उपयोगी पडतात त्या ०.०१ आणि ०.१ या दोनच पायऱ्या. उलट टोकाला दुसरी अडचण आहे. एक्स-१०० वर चकतीचा पूर्ण फेरा म्हणजे फक्त १० मिलिमीटर. ६०० मिलिमीटरच्या टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला साठ फेरे मारावे लागतात. म्हणून नुसती चकती असलेला पेंडंट अपुरा ठरतो. लांब पल्ल्याला दाबून ठेवायचे बटण किंवा काडी आणि शेवटच्या मिलिमीटरला चकती, अशी जोडी हवी.

आता कंट्रोलर. पेंडंटचा प्लग बसतो म्हणजे तो चालतो असे नसते. तो ज्याच्याशी बोलणार त्याला त्याची भाषा समजली पाहिजे. हौशी यंत्रांत सर्वाधिक आढळणारी प्रणाली जीआरबीएल. मूळची ती अर्डुइनो उनो या छोट्या पाटीसाठी लिहिलेली. त्या पाटीवरच्या चिपची प्रोग्रॅम साठवण्याची जागा अवघी ३२ किलोबाइट, आणि तारा जोडायच्या बहुतेक सगळ्या जागा मोटर, लिमिट स्विच आणि स्पिंडलने व्यापलेल्या. एमपीजीच्या तारा तिला थेट जोडायची सोयच नाही. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत जॉगसाठी, म्हणजे अक्ष हाताने सरकवण्यासाठी, वेगळा आदेश आला. त्यामुळे यूजीएस, सीएनसीजेएस किंवा जी-सेंडरसारखे संगणकावरचे प्रोग्रॅम पेंडंटच्या हालचालीचे जॉगच्या ओळींत रूपांतर करून यंत्राला पाठवू शकतात. म्हणजे जीआरबीएलवाल्याने पेंडंट निवडताना यंत्राचे नाव पाहून भागत नाही. आपण वापरतो तो प्रोग्रॅम कोणता पेंडंट ओळखतो, ते पाहावे लागते.

या मार्गात एक खोड आहे. पाठवलेल्या ओळी यंत्रात रांगेत उभ्या राहतात. चकती जोरात फिरवली की रांग साचते आणि हात थांबल्यावरही यंत्र पुढे सरकत राहते. शून्य घेताना हे फार महागात पडते. जीआरबीएलमध्ये ही रांग पुसून अक्ष थांबवण्याचा आदेश आहे, आणि चांगला पेंडंट किंवा प्रोग्रॅम हात सुटताच तो पाठवतो. खरेदीपूर्वी तपासून पाहायचीच अशी ही गोष्ट आहे: चकती भरभर फिरवून हात काढला की यंत्र तिथल्या तिथे थांबते का?

जीआरबीएलचे नवे वारसदार या बाबतीत पुढे आहेत. जीआरबीएल-हॅल आणि ईएसपी-३२ चिपवर चालणारी फ्लुइड-एनसी या प्रणालींत पेंडंटसाठी वेगळी सीरियल जोडणी ठेवता येते, त्यामुळे मध्ये संगणक लागत नाही. फ्लुइड-एनसीसाठी गोल पडदा आणि त्याभोवती फिरणारी कडा असलेला फ्लुइड-डायल नावाचा पेंडंटही तयार झाला आहे. लिनक्स-सीएनसी ही प्रणाली, जिचे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत आहे, ती हँडव्हीलचे स्पंद थेट मोजू शकते आणि एक्सएचसी कंपनीच्या प्रचलित पेंडंटसाठी तिच्यात आधीच सोय आहे. मॅक-३ हा संगणकावरचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठीही हेच एक्सएचसीचे पेंडंट सर्वांत सरळ पडतात. त्यांचा रिसीव्हर यूएसबीत लावायचा आणि प्लगइन बसवायचे.

३०१८ नावाच्या छोट्या चिनी यंत्रांबरोबर, ज्यांचे कामाचे क्षेत्र ३०० बाय १८० मिलिमीटर असते, ऑफलाइन कंट्रोलर नावाची पाटी मिळते. तिच्यात लहान पडदा, बाणांची बटणे आणि मेमरी कार्ड असते. फाइल कार्डावरून चालते, लॅपटॉप भुशापासून दूर राहतो. पण ही पाटी आणि यूएसबी यंत्राची एकच सीरियल वाट वापरतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी जोडू नयेत. फर्निचर आणि दगडी कोरीवकामाच्या मोठ्या राउटरवर दिसणारा रिचऑटो ए-११ सारखा डीएसपी हँडल मात्र वेगळ्याच जातीचा. तो पेंडंट नसून हातातला संपूर्ण कंट्रोलरच आहे. पेनड्राइव्हवरून फाइल घेऊन मोटरचे स्पंद तोच तयार करतो, वीज गेली तर काम कुठे थांबले ते लक्षात ठेवतो. जीआरबीएल यंत्राला जोड म्हणून तो घेता येत नाही. घ्यायचा तर जुना कंट्रोलर काढूनच.

स्वस्तात भागवायचे असेल तर बिनतारी नंबर-पॅडच्या कळांना जॉग, विराम आणि शून्य ही कामे नेमून देता येतात. गेमपॅडही चालतो आणि लांब अंतर कापायला त्याची काडी उत्तमच, कारण जितकी ढकलाल तितका वेग. पण जुन्या गेमपॅडची काडी मध्यावर नीट परतत नाही, आणि मग कोणी हात न लावताही अक्ष हळूहळू सरकू लागतो. म्हणून मध्याभोवती मृत क्षेत्र ठेवावे आणि एक बटण दाबून धरल्याशिवाय काडी चालणारच नाही अशी योजना करावी. मोबाइलच्या काचेवरून जॉग करणे मात्र टाळलेले बरे. काचेवर बोटाला खटका लागत नाही, त्यामुळे बटण पाहायला नजर बिटवरून हलवावीच लागते, आणि पेंडंट घेण्याचे कारणच संपते.

तार की बिनतारी, हा प्रश्न सोयीचा वाटतो, पण त्यात विजेच्या गोंगाटाचा भाग आहे. स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी आणि ब्रशवाल्या ट्रिम राउटरच्या ठिणग्या यूएसबीची जोडणी तोडू शकतात. तारेचा पेंडंट घ्यायचा तर तार जाळीदार कवचाची असावी, ते कवच अर्थिंगला जोडलेले असावे आणि ती स्पिंडलच्या तारेला समांतर बांधलेली नसावी. बिनतारीला ही तार नाही, पण बॅटरी आहे, आणि ती कामाच्या मधोमध संपते.

याच कारणाने पेंडंटवरच्या लाल बटणावर जीव सोपवू नये. यूएसबी किंवा बिनतारी पेंडंटचे थांबा म्हणणे आधी संगणकाला कळते, मग प्रोग्रॅमला, मग यंत्राला; यातली एक कडी अडकली की बटण निरुपयोगी. शिवाय बऱ्याच हौशी यंत्रांवर स्पिंडलच्या जागी सुताराचा ट्रिम राउटर स्वतःच्या स्विचवर चालत असतो. अक्ष थांबले तरी तो मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्यांनी फिरतच राहतो. मोटर आणि राउटर दोन्हींची वीज तोडणारे, मश्रूमच्या आकाराचे, तारेने जोडलेले वेगळे बटण यंत्राच्या चौकटीवर असलेच पाहिजे. त्याचा संपर्क नेहमी जोडलेला असावा आणि दाबल्यावर तुटावा, म्हणजे तार निसटली तरी यंत्र थांबते.

पैसे खर्चण्याचा क्रमही यावरून ठरतो. आधी हे बटण. मग टच प्लेट, कारण बिट प्लेटला टेकले की वीज जुळते आणि प्लेटची जाडी वजा करून झेडचे शून्य आपोआप लागते. जीआरबीएलला ते मुळातच येते आणि कागदाची गरज उरत नाही. ज्याचे काम एकाच जाडीच्या प्लायवर, एकाच कोपऱ्यातून सुरू होते, त्याला एवढ्यावर वर्षानुवर्षे भागते. जो दर वेळी वेगळा, वेडावाकडा तुकडा टेबलावर ठेवतो, जुन्या चौकटीवरची नक्षी जुळवतो किंवा दोन बाजूंनी कोरतो, त्याने चकती असलेला पेंडंट जरूर घ्यावा.

आणल्यावर पहिल्या दिवशी बिट न लावता तो चालवून पाहावा. बाण आणि चकतीची दिशा प्रत्येक अक्षावर तपासावी. अक्षाचे बटण झेडवर राहिले आहे हे विसरून एक्स समजून चकती फिरवणे, ही पेंडंटवरची नेहमीची चूक आहे. म्हणून काम झाले की ते बंदच्या खुणेवर आणून ठेवावे. आणि चकती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर झेड वर गेला पाहिजे. खाली जात असेल तर सेटिंगमध्ये दिशा बदलावी, मगच बिट बसवावे.